खिंडीपलीकडची पाळी

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत. वाघजाईच्या खिंडीच्या अलीकडे, कारवीच्या दाट पट्ट्यात सुरेखा बांबळे कोयत्याने वाटेवर आलेल्या फांद्या तोडत आहेत. तोडलेली फांदी त्या दरीच्या बाजूला टाकत नाहीत, डोंगराच्या बाजूला टाकतात. दरीकडे फांद्यांचा ढीग झाला की अनोळखी माणसाला तिथे जमीन आहे असं वाटतं आणि तो बिनधास्त पाय ठेवतो. हे त्यांनी मागून येणाऱ्या छबूबाईंना एकदा सांगितलं आहे. दुसऱ्यांदा सांगत नाहीत.

छबूबाईंच्या हातातही कोयता आहे. त्या सुरेखाबाईंच्या शेजारी राहतात. नवरा सिन्नरला कारखान्यात असतो, होळीला येतो. उद्या त्या आयुष्यात पहिल्यांदा ट्रेकिंगवाल्यांचा गट घेऊन निघणार आहेत. पाळी सुरेखाबाईंच्या घराची आहे आणि ती त्यांनी आपणहून छबूबाईंना दिली आहे. छबूबाई गट घेऊन या खिंडीपलीकडे गेल्या तर बांबळ्यांचं घर पाळीतून कायमचं बाद होईल, असं सादडवाडीच्या वाटाड्या मंडळाने गेल्या आठवड्यात बजावलं. सुरेखाबाईंनी ते ऐकून घेतलं, घरी आल्या आणि कोयत्यांना धार लावून घेतली.

रतनगडाच्या पायथ्याची सादडवाडी सोडली की ही वाट सह्याद्रीच्या कण्यावरून हरिश्चंद्रगडाकडे जाते. एका अंगाला कोकणात कोसळणारे कडे, दुसऱ्या अंगाला अकोले तालुक्यातली भाताची खाचरं. घाटावरचं धान्य आणि कोकणातलं मीठ कड्यांमधल्या ज्या अरुंद घळींनी, म्हणजे नाळांनी, वर-खाली होत असे, त्या नाळांची तोंडं या वाटेवर उघडतात. गडांवरची शिबंदी याच वाटेने येत-जात होती. आता पाठीवर डोक्याच्याही वर जाणाऱ्या पिशव्या घेतलेली पुण्या-नाशकाची माणसं चालतात. तीन दिवस, दोन मुक्काम.

या माणसांना वाट दाखवण्याचं काम वाड्यांमध्ये घरवार पाळीने चालतं. आज या घराची पाळी, पुढचा गट आला की पुढच्या घराची. आणि वाटेच्या मधोमध शीव आहे. वाघजाईच्या खिंडीत देवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावलेला बिनघडीव दगड आहे, शेजारी कमरेएवढी दगडांची रास. सादडवाडीचा वाटाड्या इथवर गट आणतो, राशीवर एक दगड ठेवतो आणि मागे फिरतो. पलीकडून उंबरदऱ्याचा वाटाड्या आलेला असतो. तोही दगड ठेवतो आणि गट घेऊन खाली उतरतो. इथवर माझं, पुढचं तुमचं, असा त्या दगडाचा अर्थ. दगड न ठेवता पलीकडे जाणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं.

रीत वाईट नव्हती. मंडळाचे प्रमुख आदिनाथतात्या ती का हवी ते नीट सांगतात. त्यांच्या तरुणपणी एका शिकाऱ्यांच्या टोळीवरून खिंडीत दोन वाड्यांची हाणामारी झाली होती. त्यानंतर बरीच वर्षं इकडची मुलगी तिकडे दिली गेली नाही. शीव पाळली म्हणून सोयरिकी परत सुरू झाल्या. सुरेखाबाईंची सोयरीक त्यांतलीच. त्या उंबरदऱ्याच्या लेक, सादडवाडीच्या सून. गाडीरस्त्याने जायचं तर राजूरला वळसा घालून अर्धा दिवस जातो, म्हणून त्यांचं वऱ्हाड या खिंडीतून चालत आलं होतं. नवरीसुद्धा.

त्यांचे पती गोरक्ष हे सादडवाडीतले नावाजलेले वाटाडे. एका भाद्रपदात रतनगडाच्या शिडीवर, स्वतःच्या पाठीवर पाहुण्याची पिशवी असताना, त्यांचा पाय निसटला. घोंगडीच्या झोळीतून त्यांना खाली आणलं, राजूरहून नाशिकला नेलं. मांडीचं हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला. आज ते काठी टेकत नळापर्यंत जातात, त्यापुढे नाही. घरात बसून भाकऱ्या थापायला मात्र ते शिकले आणि त्यांच्या भाकऱ्या बायकोपेक्षा पातळ होतात, हे ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात.

मंडळाचा नियम होता की ज्या घरात चालणारा पुरुष नाही त्या घराची पाळी मुलगा मोठा होईपर्यंत पुढच्या घराने घ्यायची. गोरक्ष आणि सुरेखाबाईंना मुलगा नाही. मोनिका ही एकच मुलगी, राजूरला वसतिगृहात राहून शिकते. म्हणजे पाळी पुढच्या घराकडे गेली ती गेलीच.

सुरेखाबाई पारावर मंडळाच्या बैठकीला गेल्या. बायका तिथे बसत नाहीत, म्हणून त्या उभ्या राहिल्या. घराची पाळी आहे, घरातलं चालणारं माणूस मी आहे, मी चालते, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तात्यांनी त्यांना समजावणीच्या सुरात विचारलं, "सूनबाई, बाईमानसानं परके गडी घेऊन रानात जायचं, आन रात कुठं काढायची?"

"आजपतुर तुमी काढत हुता तितंच," सुरेखाबाई म्हणाल्या. "तुमी काय रोज घरी येऊन निजत हुता व्हय?"

पारावर कोणीतरी हसलं. तात्या हसले नाहीत. त्यांनी एवढं मान्य केलं की सुरेखाबाईंनी गटामागे स्वयंपाकाचं सामान वाहावं. त्यावर सुरेखाबाई गप्प बसल्या. हा होकार होता असं तात्यांना वाटलं. पुढचं वर्षभर तांदूळ, डाळ आणि काळं पडलेलं पातेलं डोक्यावर घेऊन त्या पुरुष वाटाड्यांच्या मागे चालल्या. गोरक्षांचे कॅनव्हासचे बूट, पुढे चिंधी कोंबून. लुगड्याचा काष्टा. पुढे चालणाऱ्याने वाट चुकवली की त्या बोलत नसत, नुसत्या थांबत. हळूहळू पुढचा माणूस मागे वळून बघायला लागला की ही थांबली तर नाही ना.

दिवाळीच्या गर्दीत चालणारी माणसं कमी पडली तेव्हा मंडळाने त्यांना त्यांची पाळी परत दिली. शिवेपर्यंत.

खिंडीत मोबाईलला रेंज नसते. पलीकडचा वाटाड्या कधी वेळेवर येतो, कधी भात झोडायला बसलेला असतो. गट तासन्‌तास तांदळ्याशी बसून राहतो, नाहीतर कंटाळून स्वतःच उतरतो. नगरच्या एका बँकेत काम करणाऱ्या यामिनी दरवर्षी सहकाऱ्यांना घेऊन ही वाट चालतात. दोन वर्षांपूर्वी त्यांचा गट असाच खिंडीतून एकटा उतरला, नाळ चुकला आणि रात्रभर एका खडकाखाली कुडकुडत बसला. पुढच्या खेपेला त्यांनी सुरेखाबाईंना फोनवर विचारलं, गडापासून गडापर्यंत तुम्हीच याल का. नाही म्हणालात तर पुण्याच्या कंपनीचा माणूस घेऊन येते, त्याच्याकडे यंत्रावर सगळी वाट आहे.

सुरेखाबाई येते म्हणाल्या. मग त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं. गोरक्ष पिठात हात घालून बसले होते. शीव ओलांडलीस तर घर पाळीतून काढतील, असं ते म्हणाले. आणि बोलता बोलता पीठ वाढवत गेले, कारण पलीकडचा मुक्काम धरला तर शिदोरी जास्त लागणार होती.

बातमी तात्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्यांनी उंबरदऱ्याला फोन लावला. गट खिंडीत पोचणार त्या दिवशी पलीकडची पाळी होती बन्सीची. बन्सी म्हणजे सुरेखाबाईंचा धाकटा भाऊ.

गट रतनगडावर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी खिंडीकडे निघाला. यामिनींच्या एका सहकाऱ्याने विचारलं की खिंड अजून किती लांब. सुरेखाबाईंनी सांगितलं की आमच्याकडे अंतर बिडीवर मोजतात, इथून दोन बिड्या. "मी वढत न्हाई," त्या म्हणाल्या, "म्हनून मला लांब वाटत न्हाई." 

खिंडीत बन्सी बसला होता. सोबत एक तरुण आणि तंबाखू मळणारा एक म्हातारा. या जागी बन्सी बहिणीला पुष्कळदा भेटला होता. पंचमीला, दिवाळीला मुराळी म्हणून तो तिला न्यायला इथवर यायचा आणि तिचं बोचकं घेऊन पुढे चालायचा. आज तो उठून वाटेत उभा राहिला.

"आक्का, दगड ठेव आन फिर," तो म्हणाला. "पाळी माजी हाय."

"तुजी पाळी मी खात न्हाई. म्होरल्या बारीला तू तुजा गट घेऊन रतनगडापतुर ये. मी आडवी येनार न्हाई."

"आन तात्या आडवं आलं मंजी?"

"मंग तू त्यास्नी वलांडून ये. मी तुला वलांडून चाललेच."

बन्सीबरोबरचा तरुण फिदीफिदी हसला, त्यामुळे बन्सी आणखी चिडला. लोक काय म्हणतील, बहिणीने भावाच्या ताटातलं ओढलं म्हणतील, असं तो म्हणाला. यामिनी मध्ये पडल्या. त्रास होणार असेल तर आम्ही बन्सीभाऊंबरोबर जातो, काही अडचण नाही, असं त्या म्हणाल्या. सुरेखाबाईंनी त्यांना हातानेच गप्प केलं.

"लोकास्नी सांग," त्या भावाला म्हणाल्या, "मुराळी यायचा ऱ्हायला, म्हनून लेक आपली आपुन आली."

 म्हाताऱ्याने तळहातावरची तंबाखू झटकली आणि खाली बघत सांगितलं की वाटाड्याला शिवेवरून मागे धाडता येतं, लेकीला धाडायची आपल्यात रीत नाही. आता ही कोण म्हणून आली आहे ते तुमचं तुम्ही ठरवा.

सुरेखाबाईंनी ठरवायला वेळ दिला नाही. त्या तांदळ्याच्या पाया पडल्या, राशीवर दगड ठेवला नाही आणि पलीकडच्या उताराला लागल्या. गट त्यांच्या मागे. बऱ्याच अंतराने बन्सी.

खिंडीखालच्या ओढ्यापाशी मात्र त्या अडकल्या. त्या पावसाळ्यात दरड येऊन वाट वाहून गेली होती. समोर ताज्या मातीचा नुसता घसारा. पंचमीपासून त्या इकडे आल्या नव्हत्या, त्यामुळे नवी वाट कुठून पडली हे त्यांना माहीत नव्हतं. शीव का पाळत असत त्याचं एक कारण समोर पसरलं होतं. आपल्या बाजूचं रान रोजच्या रोज ज्याच्या पायाखाली असतं, त्यालाच ते माहीत असतं.

त्यांनी मागे वळून हाक मारली. "बन्सी, वाट कुनीकडनं?"

बन्सी सगळ्यांच्या पुढे आला, डावीकडे वर चढला आणि गट पलीकडे गेल्यावर पुन्हा सगळ्यांत मागे गेला. तेव्हापासून प्रत्येक गटाच्या आधी सुरेखाबाई एकदा पलीकडची उतरण पायाखालून घालतात. आज हातात कोयता आहे तोही त्यासाठीच.

उंबरदऱ्यात गटाचा मुक्काम आईच्या, रंगुबाईंच्या ओसरीवर पडला. ताटं मांडली जात होती तेव्हा बन्सीने पुन्हा विषय काढला. रंगुबाईंनी त्याच्या पुढ्यात कालवणाचं भांडं ठेवलं. "आदी पाव्हनी जेवू द्या," त्या म्हणाल्या. "मंग भांडा. रात मोप पडलीया." पाहुणे झोपल्यावर दोघं भांडली. काय बोलणं झालं ते दोघंही सांगत नाहीत. सकाळी बन्सी गटाबरोबर आला नाही. सुरेखाबाई गट हरिश्चंद्रगडाला पोचवून पाचनईत उतरल्या आणि एसटीने राजूर करून घरी आल्या.

मंडळाने बांबळ्यांचं घर पाळीतून काढलं. सुरेखाबाई भांडायला गेल्या नाहीत. घराची पाळी असती त्या दिवशी त्या जीप थांबते तिथे जाऊन उभ्या राहिल्या. ज्याला पाळी दिली होती तो वाटाड्याही उभा. गट त्याच्याबरोबर गेला, त्या घरी आल्या. पुढच्या पाळीलाही तसंच झालं. वाडीतली पोरं त्यांना जीपची कंडक्टर म्हणायला लागली. त्यांनी पोरांना सांगितलं की कंडक्टरला तरी बसायला जागा असते.

मग एका दुपारी उलट्या दिशेने, हरिश्चंद्रगडाकडून आलेला गट खिंडीत न थांबता थेट सादडवाडीत उतरला. पुढे बन्सी होता. गोरक्ष दारात बसले होते, त्यांनी त्याला आधी पाहिलं. पण त्यांच्या आधी तात्या वाटेत जाऊन उभे राहिले.

"शीव इसरलास का रं?" तात्यांनी विचारलं.

"तुमीच फोन करून मला खिंडीत हुभं केलं, तात्या," बन्सी म्हणाला. "हुभं ऱ्हाऊन कटाळलो. म्हनून चालत आलो."

तो बहिणीच्या घरी गेला, गटासह जेवला आणि दुसऱ्या दिवशी गट रतनगडावर घेऊन गेला. बहिणीचं पटलं म्हणून तो आला, असं त्याने कधीच म्हटलं नाही. ती येते तर मी का थांबू, एवढंच तो म्हणतो. पण सादडवाडीच्या मंडळाला उंबरदऱ्याच्या घराची पाळी काढता येत नाही, आणि उंबरदऱ्याच्या मंडळाने बन्सीला काही विचारलं नाही. सादडवाडीतल्या तरुण वाटाड्यांनाही पूर्ण वाट हवीच होती. बैठक झाली. ज्याची पाळी त्याने हवं तर गडापासून गडापर्यंत जावं, असं ठरलं. बांबळ्यांचं घर पुन्हा पाळीत आलं. शेवटी तात्यांनी एक अट जोडली: बाई जाणार असेल तर पलीकडे तिचं माहेर हवं. मुक्कामाला हक्काचं घर असावं, एवढाच हेतू, असं ते म्हणाले.

सादडवाडीत माहेर पलीकडे असलेली, चालणारी बाई एकच. तात्यांनी वाद मिटवला होता आणि सगळ्यांना तसं वाटलंही.

"ही अट न्हाई, तात्या," सुरेखाबाई म्हणाल्या. "माज्या मापाचं झंपर हाय. बाकीच्या बायांनी काय उगडं फिरायचं?"

म्हणून उद्याची पाळी छबूबाईंची. त्यांचं माहेर घोटीकडे. तिकडे गड नाही, नुसता भात, असं त्या स्वतःच सांगतात. गेल्या आठवड्यात मंडळाने सुरेखाबाईंना बोलावून विचारलं की मिळालेली पाळी अशी पणाला का लावता. घरात दुसरी कमाई नाही. तात्या रागावून नाही, काळजीने विचारत होते आणि सुरेखाबाईंना तो फरक कळतो. त्यांनी सांगितलं की पाळी घराची असेल तर घर ज्याला पाठवेल तो जाईल. आणि ती माझ्या माहेराची असेल, तर मला ती नको.

कारवीचा पट्टा संपतो. खिंड समोर आहे. छबूबाई वाघजाईला हळद-कुंकू वाहतात, राशीकडे बघतात आणि विचारतात की परवा गट घेऊन इथे आले आणि मंडळाच्या माणसाने अडवलं तर काय बोलू.

"काय बोलू नगं. चालत ऱ्हा," सुरेखाबाई म्हणतात. "बोलत हुभी ऱ्हायलीस की मंग आडवत्यात."

दोघी पलीकडे उतरतात, ओढ्याच्या वरची नवी वाट छबूबाई एकदा पुढे राहून चालतात, एकदा मागे राहून. मग परत फिरतात, कारण गोरक्षांनी दुपारपर्यंत भाकऱ्या करून ठेवतो असं सांगितलं आहे आणि त्या बांधायच्या आहेत.

राजूरहून पहिली जीप सकाळी सातला सादडवाडीत येते. उद्या तिच्यातून नाशिकचा गट उतरेल आणि छबूबाईंच्या मागे रतनगडाकडे निघेल. जीप साडेसातला परत फिरते. तिच्यात सुरेखाबाई बसणार आहेत. उद्या राजूरचा बाजार आहे आणि घरातली मिरची संपली आहे.